स्मृतिभ्रंशाची चाळणी चाचणी मराठीत आणताना: कोल्हापूर परिसरातील कामासाठी मार्गदर्शिका

शंभरातून सात वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा सात, असे पाच वेळा. एमएमएसई या जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीतला हा प्रश्न मराठीत लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही. पण त्याची उत्तरे त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट अशी येतात, आणि मराठीत शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येचे नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. राधानगरी तालुक्यातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईंना हा प्रश्न विचारला, तर आपण त्यांची एकाग्रता मोजली की त्यांची न झालेली शाळा मोजली, हे गुणांवरून सांगता येत नाही. त्याच बाई आठवडी बाजारात पन्नासच्या नोटेतून बत्तीस रुपये वळते करून उरलेले अठरा रुपये बिनचूक परत देत असतील.

चाचणी दुसऱ्या भाषेत नेताना शब्दांचा अर्थ सांभाळणे हे कामाचा लहानसा भाग आहे. मूळ प्रश्न मेंदूकडून जे काम करून घेतो, ते काम तेवढ्याच अवघडपणासह नव्या भाषेत उभे करावे लागते. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील ज्येष्ठांसाठी अशी चाचणी तयार करण्याची रीत क्रमाने मांडली आहे. मानसशास्त्र, मानसोपचार, मेंदूविकार आणि समाजकार्य या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी ती आपापल्या सोयीने वापरावी. या कामाची निकड मोठी आहे. लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आलेल्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

एक सूचना आधीच करावीशी वाटते. लेखातील शब्द, वाक्ये आणि चित्रे ही केवळ उदाहरणे आहेत. ती उचलून प्रत्यक्ष चाचणीत घालू नयेत. चाचणीचे शब्द आधीच ऐकलेला माणूस ते आठवतो तेव्हा आपण काहीच मोजत नसतो. म्हणून अंतिम प्रश्नपत्रिका कोठेही प्रसिद्ध करू नये.

कोणती चाचणी घ्यावी

१९७५ साली आलेली एमएमएसई तीस गुणांची आहे आणि तिचे हक्क एका प्रकाशन संस्थेकडे आहेत. परवान्याशिवाय तिची मराठी प्रत छापून वापरणे योग्य नाही. २००५ ची मोका हीसुद्धा तीस गुणांची आहे. सौम्य बिघाड ती अधिक चांगला पकडते, पण तिच्यात घन काढणे, घड्याळ काढणे, आकडे आणि अक्षरे आलटून पालटून जोडणे अशी शाळेवर उभी असलेली कामे बरीच आहेत. एसीई-३ शंभर गुणांची आहे आणि लक्ष, स्मरण, शब्दओघ, भाषा व दृश्य-अवकाशीय क्षमता (आकार आणि जागेची जाण) असे तिचे पाच भाग पडतात. भरपूर माहिती देणारी ही चाचणी वेळही तसाच घेते. रुडास २००४ मध्ये सिडनीत, अनेक भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांना डोळ्यांपुढे ठेवून तयार झाली. तिच्यात सहाच बाबी आहेत आणि वाचन-लेखनावर ती जवळजवळ अवलंबून नाही.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी मानसिक अवस्था परीक्षणाचे, म्हणजे एचएमएसईचे आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातल्या, मुख्यतः निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी ते घडवले गेले. "डोळे मिटा" ही लेखी आज्ञा वाचून पाळण्याऐवजी तिथे परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि समोरच्याला तसेच करायला सांगतो. वाक्य लिहून घेण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायला सांगतो. एकमेकांत अडकलेल्या पंचकोनांची आकृती काढण्याच्या जागी चौकोनातला तिरका चौकोन ही सोपी आकृती येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत तयार करून घेतलेला चाचणीसंचही अभ्यासण्यासारखा आहे.

शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे निरक्षर शेतमजूर आणि निवृत्त मुख्याध्यापक एकाच बाकावर बसलेले असतात, तिथे रुडास किंवा एचएमएसईच्या धर्तीवर सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मोका त्यानंतर, शिकलेल्यांपुरती वापरता येते. निवड झाली की निवडलेल्या चाचणीची मराठी आवृत्ती आधीच आहे का हे हक्कधारकाकडे विचारावे आणि लेखी परवानगी हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यताही याच टप्प्यावर घ्यावी. संमतिपत्र समजून घेण्याची क्षमता कमी झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत जवळच्या नातेवाइकाची संमती कशी घेणार, हे त्या अर्जात स्पष्ट लिहावे लागते.

प्रत्येक प्रश्नाची वही

भाषांतराला हात घालण्यापूर्वी एक वही करावी आणि प्रत्येक प्रश्नाला एक पान द्यावे. पानावर चार गोष्टी लिहाव्यात: हा प्रश्न काय मोजतो, तो कशामुळे अवघड होतो, कोणती उत्तरे बरोबर धरायची आणि बदल केला तर का केला. पुढे समितीत वाद झाला की ही वहीच निवाडा करते. अर्धे प्रकल्प या वहीच्या अभावी भरकटतात, कारण तिसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचे कारण कोणालाच आठवत नाही.

भाषांतराची फेरी

सर्वमान्य रीत अशी आहे: दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे मराठी मसुदा करतात, त्यांपैकी एकाला चाचणीचा हेतू माहीत असतो आणि दुसऱ्याला मुद्दाम सांगितलेला नसतो. दोन्ही मसुदे जुळवून एक केला जातो. मग मूळ चाचणी न पाहिलेल्या दोन व्यक्ती तो मसुदा उलट मूळ भाषेत नेतात, आणि शेवटी तज्ज्ञ समिती सगळे कागद समोर ठेवून निर्णय घेते. समितीत मेंदूविकारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ असतातच. भाषेचा अभ्यासक, ज्येष्ठांबरोबर रोज काम करणारी परिचारिका आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील एखाद्या आशाताई यांनाही बरोबरीचे स्थान द्यावे. शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी मराठी विभागाची मदत मागता येते.

उलट भाषांतरावर मात्र फार विसंबू नये. गळालेला शब्द किंवा बदललेला अर्थ ते दाखवते. अवघडपणा बदलला की नाही, हे ते दाखवू शकत नाही. एमएमएसईत ऐकून जसेच्या तसे म्हणायच्या "नो इफ्स, अँड्स ऑर बट्स" या वाक्याचे "जर नाही, तर नाही, पण नाही" असे केले, तर उलट भाषांतर निर्दोष येईल. पण "जर-तर" ही मराठीत रुळलेली जोडी आहे, ती जिभेवर आपोआप येते. मूळ वाक्याची अडचण ही होती की लहान, एकमेकांशी न बांधलेले शब्द क्रमाने धरून ठेवावे लागतात. मराठी वाक्यातही ती अडचण राहिली पाहिजे. म्हणून म्हणी, अभंगाची ओळ किंवा ठरलेली जोडी कटाक्षाने टाळावी.

प्रश्नागणिक विचार

काळाचे भान विचारताना तारीख हाच एकमेव मापदंड धरला, तर अनेक ज्येष्ठांवर अन्याय होतो. तारीख न सांगू शकणाऱ्या आजी "आज वद्य अष्टमी" असे नेमके सांगतात. तिथी आणि मराठी महिना बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेत; त्यासाठी परीक्षकाने चाचणी सुरू करण्यापूर्वी त्या दिवसाची तारीख, तिथी, मराठी महिना आणि वार कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावेत, म्हणजे उत्तर तपासताना अंदाज करावा लागत नाही. मूळ चाचणीतले चार ऋतू आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन होतात. पर्याय चारावरून तीनवर आले की अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता वाढते, हे वहीत नोंदवावे. जोतिबाची यात्रा झाली की व्हायची आहे, असे विचारण्याचा मोह होतो. पण तो प्रश्न प्रत्येक धर्माच्या आणि प्रत्येक घरच्या माणसाला सारखाच सोपा नसतो, म्हणून तो गुणांसाठी वापरू नये.

स्थळाचे भान विचारताना राज्य, जिल्हा, तालुका, गाव किंवा पेठ, आणि आपण आता बसलो आहोत ती जागा, असा क्रम इथे बसतो. कोल्हापुरात एक खास अडचण येते. शहरातल्या मंगळवार, शुक्रवार, शनिवार, रविवार या पेठांची नावेच वारांची आहेत. पत्ता विचारून लगेच "आज वार कोणता" असे विचारले, तर शनिवार पेठेतला माणूस "शनिवार" म्हणतो तेव्हा ते उत्तर आहे की नुकत्याच उच्चारलेल्या शब्दाचा प्रतिध्वनी, हे कळत नाही. वाराचा प्रश्न आधी आणि पत्त्याचा बराच नंतर ठेवावा. रुग्णालयाच्या नावाबाबतही मान्य उत्तरांची यादी हवी: छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, सीपीआर आणि जुन्या लोकांच्या तोंडचा थोरला दवाखाना ही तिन्ही बरोबर.

लक्षात ठेवायचे शब्द निवडताना सर्वाधिक कष्ट घ्यावेत, कारण स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला हाच भाग सहसा आधी ढासळतो. शब्द रोजच्या ओळखीचे, दोन किंवा तीन अक्षरी, डोळ्यांसमोर चित्र उभे करणारे आणि एकमेकांशी संबंध नसलेले असावेत. ऊस, गुऱ्हाळ आणि गूळ असे तीन शब्द दिले, तर कोल्हापूरच्या माणसाला ती एकच गोष्ट वाटते आणि एकाच्या आधाराने बाकीचे दोन आपसूक येतात. स्थानिक बोलीचा विचार इथेच करावा लागतो. यादीत "लाल" असेल आणि आठवताना कोणी "तांबडा" म्हणाले, तर काय करायचे? अर्थ टिकला, शब्द बदलला. या भागात तांबडा हाच घरातला शब्द असल्याने मी अशा शब्दाला यादीतच जागा देणार नाही. ज्याला घरोघरी एकच नाव आहे, तोच शब्द घ्यावा. समितीने वेगळे ठरवले, तर गुणांचा नियम छापील सूचनेत असावा, परीक्षकाच्या मर्जीवर नसावा.

एकाग्रतेसाठी सातांच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणवून घेणे हा निरक्षरांसाठी चांगला पर्याय आहे. वीस रुपयांतून तीन-तीन रुपये काढत जाणे हाही पर्याय सुचवला जातो, पण बाजार करणाऱ्या आणि घराबाहेर व्यवहार न केलेल्या व्यक्तींमध्ये त्यात मोठा फरक पडतो. दोन पर्याय ठेवायचे असतील, तर कोणता कोणाला द्यायचा हे शिक्षणावरून आधीच ठरवावे. "जे जमेल ते घ्या" अशी मोकळीक दिली की गुणांची तुलनाच संपते.

चित्रे ओळखण्याचा भाग वरवर सोपा वाटतो. एसीई-३ मध्ये नांगर, पेंग्विन, कांगारू, हार्प अशी चित्रे आहेत. त्यातला नांगर जहाजाचा आहे, आणि आपल्याकडे त्या शब्दाने शेतातलाच नांगर डोळ्यांसमोर येतो. चित्रे बदलायलाच हवीत, पण त्याच चित्रांवर पुढे "यातले अंटार्क्टिकात काय आढळते" अशा अर्थाचे प्रश्न येतात, म्हणजे एक चित्र बदलले की त्याला जोडलेला प्रश्नही नव्याने घडवावा लागतो. दाजीपूरच्या जंगलामुळे गवा इथे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याचे रेखाचित्र घालावे असे सुचू शकते. पण रेषांनी काढलेला गवा पाहून माणूस सहज "म्हैस" म्हणेल, आणि ती चूक त्याच्या मेंदूची असण्याऐवजी चित्राची असेल. म्हणून प्रत्येक चित्र आधी निरोगी ज्येष्ठांना दाखवून, दहातल्या नऊ जणांनी एकच नाव घेतले तरच ते ठेवावे. सिंहाला वाघ म्हणणारेही बरेच भेटतात.

शब्दओघात ठरावीक अक्षरापासून सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायचे असतात. निरक्षर व्यक्तीला "क अक्षर" ही कल्पनाच परकी असते, म्हणून तिच्यासाठी प्राण्यांची नावे घ्यावीत. शिकलेल्यांसाठी अक्षर ठेवले, तर का, कि, कु हे सारे "क" मध्ये धरायचे का, "क्रिकेट" चालेल का, "क्ष" चे काय, याचा नियम आधी लिहावा. प्राण्यांच्या बाबतीत गाय, बैल, वासरू, कालवड यांना स्वतंत्र गुण द्यायचे की एकच, हाही प्रश्न शेतकरी घरात हमखास येतो; मी स्वतंत्र द्यावेत या मताचा आहे, कारण शोध घेण्याचे काम मेंदूने प्रत्येक वेळी केलेले असते.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात, त्यामागे कारण आहे: "दहा" ऐकल्यावर काटा दहाच्या आकड्याकडे ओढला जातो आणि तो मोह आवरावा लागतो. सोपे व्हावे म्हणून "सव्वाअकरा" केले की तो सापळा नाहीसा होतो. आकडे देवनागरी काढले किंवा इंग्रजी, दोन्ही मान्य करावेत. ज्यांनी आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्यांच्याकडून आकृती काढून घेण्यापेक्षा काड्यापेटीतल्या काड्यांची रचना पाहून तशीच मांडायला सांगणे अधिक न्याय्य आहे. चौकोनातला तिरका चौकोन रोज रांगोळी घालणाऱ्या हाताला पुरुषांपेक्षा सोपा जाऊ शकतो, म्हणून या प्रश्नाचे गुण स्त्रिया आणि पुरुष असे वेगळे पाहावेत.

प्रसिद्ध व्यक्तींबद्दलच्या प्रश्नात राजर्षी शाहू महाराजांचे नाव घालू नये. कोल्हापुरात ते नाव इतके खोल रुजलेले आहे की बराच बिघाड झाल्यावरही उरते, आणि तीच चाचणी चंद्रपूरला नेली तर चित्र बदलते. हत्या झालेल्या पंतप्रधानांबद्दल विचारले तर आपल्याकडे दोन उत्तरे बरोबर ठरतात. मुख्यमंत्र्यांचा प्रश्न ठेवायचा असेल, तर तो दर निवडणुकीनंतर तपासावा लागतो.

सूचनांची भाषा

सूचना प्रमाण मराठीत छापाव्यात, पण त्या बोलण्याच्या मराठीत असाव्यात. "खालील वस्तूंची नावे कथन करा" हे वाक्य ऐकूनच माणूस अवघडतो. "परीक्षा" हा शब्द टाळावा. मावशी, आजी, मामा, तात्या असे वयाला शोभेल ते संबोधन वापरावे आणि "तुम्ही" सोडू नये. कागदाची घडी करून ती जमिनीवर ठेवायला सांगितले, तर काही ज्येष्ठ थबकतात, कारण कागदाला विद्या मानून तो खाली ठेवणे त्यांना रुचत नाही. टेबलावर ठेवायला सांगितले तरी तीन टप्प्यांची आज्ञा तशीच राहते.

गुण देणारा बाहेरगावचा असेल, तर त्याला एक गोष्ट आवर्जून शिकवावी. कोल्हापुरातल्या अनेक स्त्रिया स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी जेवलो" असेच म्हणतात. वाक्यरचनेचे गुण देताना ही लिंगाची चूक धरली, तर पूर्णपणे निरोगी स्त्रीचे गुण नाहक कापले जातील. सीमाभागाचाही विचार हवा. गडहिंग्लज, कागल आणि शिरोळ तालुक्यांत घरी कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत, आणि दखनी बोलणारीही आहेत. चाचणीपूर्वी "हिशेब कोणत्या भाषेत करता?" एवढे विचारले तरी मराठी चाचणी योग्य आहे की नाही, याचा अंदाज येतो.

थोड्या लोकांवर पडताळणी

तयार मसुदा तीस ते चाळीस जणांवर वापरून पाहावा, आणि त्यांत निरक्षर, चौथी, सातवी व जुनी मॅट्रिक झालेले, शहरातले आणि खेड्यातले, स्त्रिया आणि पुरुष असे सगळे असावेत. जुनी मॅट्रिक अकरावीची होती, हे शिक्षणाची वर्षे मोजताना विसरू नये. उत्तरे घेऊन थांबू नये. प्रत्येक प्रश्नानंतर "मी काय करायला सांगितले, तुमच्या शब्दांत सांगा" असे विचारावे. चष्मा लावला आहे का, ऐकू नीट येते का, मोतीबिंदू पिकला आहे का, हे आधी पाहावे. ऐकू न आलेला शब्द कोणालाच आठवत नाही.

कटऑफ ठरवणे

मूळ चाचणीचा कटऑफ, म्हणजे जिथून आजाराचा संशय धरायचा ती गुणांची सीमा, भाषांतराबरोबर येत नाही. मोकाचा २६ किंवा रुडासचा २२ हा आकडा ज्या लोकांवर ठरला, ते आपले लोक नव्हेत. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या आणि निरोगी असलेल्या व्यक्तींना चाचणी द्यावी; निदान मात्र चाचणीचे गुण न पाहिलेल्या तज्ज्ञाने स्वतंत्र तपासणीवरून केलेले असावे, नाहीतर चाचणी स्वतःलाच प्रमाणपत्र देते. मग संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले जातात) आणि विशिष्टता (निरोगी लोकांपैकी किती निरोगीच ठरतात) ही दोन मापे प्रत्येक कटऑफला कशी बदलतात हे दाखवणाऱ्या आरओसी आलेखावरून आकडा ठरवावा, आणि तो शिक्षणाच्या गटांसाठी वेगवेगळा असावा. दोन परीक्षकांचे गुण जुळतात का आणि काही आठवड्यांनी तेच गुण येतात का, हेही तपासावे.

पुढचे गणित प्रत्येकाने कागदावर करून पाहावे. संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ८५ टक्के आहेत असे धरू. गावपातळीवर १००० ज्येष्ठ तपासले आणि त्यांतल्या ७४ जणांना आजार असेल, तर चाचणी त्यांतले सुमारे ६३ पकडेल. उरलेल्या ९२६ निरोगी लोकांपैकी मात्र सुमारे १३९ जण विनाकारण संशयित ठरतील. म्हणजे कमी गुण मिळालेल्या २०२ जणांत खरे रुग्ण ६३, साधारण ३१ टक्के. तीच चाचणी स्मृती-चिकित्सालयात वापरली आणि तिथे येणाऱ्या १००० पैकी ४०० जणांना आजार असेल, तर कमी गुणवाल्यांतले जवळपास ७९ टक्के खरे रुग्ण असतात. चाचणी तीच, अर्थ वेगळा. आशाताईंकडे चाचणी सोपवायची असेल, तर त्यांना हा फरक समजावून सांगितलाच पाहिजे.

घरच्यांचे म्हणणे

शिक्षणाचा परिणाम कमी करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे रोजच्या व्यवहाराबद्दल घरच्यांना विचारणे. भारतातील ज्येष्ठांसाठी १९९९ मध्ये ईएएसआय ही दैनंदिन क्षमतांची प्रश्नावली याच हेतूने तयार झाली. प्रश्न मात्र घर ओळखून विचारावेत. सासूबाई स्वयंपाक करत नाहीत, कारण सून आल्यापासून त्यांनी ते काम सोडले असेल. तिथे क्षमता गेलेली नसते. "करतात का" यापेक्षा "पूर्वी करत होते आणि आता चुकते, असे काय आहे" असे विचारावे. मुलगा दिवसभर कामावर असेल, तर सोबत राहणाऱ्या सुनेला किंवा नातीला बोलावून घ्यावे.

वापर सुरू झाल्यावर

प्रत्येक छापील प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक आणि महिना असावा, आणि परीक्षकांचे प्रशिक्षण वर्षातून एकदा पुन्हा घ्यावे. गुण कमी आले तर घरच्यांना "आजार आहे" असे कधीही सांगू नये. "काही गोष्टी आणखी तपासायला हव्यात" असे सांगून थायरॉइड, बी-१२, नैराश्य, चालू गोळ्या आणि अलीकडचा ताप किंवा पडणे यांची चौकशी व्हावी, यासाठी कोठे जायचे, कोणत्या वारी जायचे आणि सोबत कोणते कागद न्यायचे, हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. ती चिठ्ठी घेऊन कोण गेले आणि कोण गेले नाही, याची नोंद ठेवून न गेलेल्यांच्या घरी महिन्याभरात पुन्हा जावे.